द्राक्षे आंबटच हवीत!

(द्वितीय वर्ष कला)

कोल्ह्याला द्राक्षे आंबट, ही म्हण आपण सर्वांनी प्राथमिक शाळेतच पाठ केलेली आहे. परंतु मुद्दाम आंबट द्राक्षेच शोधणारी माणसेही असतात, आणि ती आपल्या लासलगावपासून फार लांब नसतात, हे मला गेल्या वर्षी हवामानाचा अभ्यास करताना समजले. त्याची ही हकीकत.

आमची दीड एकर थॉमसनची बाग आहे. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे पुस्तकात काही वाचले की ते अण्णांच्या बागेशी ताडून पाहण्याची मला खोड लागली आहे. मी दहावीला असताना जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील किमान तापमानाचा आकडा पेपरात येतो, तो आमच्या निफाड तालुक्यात परीक्षेच्या निकालासारखा वाचला जातो. पारा ५ अंशांच्या आसपास आला की कोणाला झोप लागत नाही. त्या रात्री अण्णांनी बांधाबांधाला शेकोट्या पेटविल्या, पहाटे ठिबकने विहिरीचे कोमट पाणी सोडले. तरी व्हायचे तेच झाले. मण्यांची फुगवण थांबली, काही मणी तडकले, काहींवर गुलाबी छटा चढली. व्यापारी आला, रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर रसाचा थेंब टाकून त्याने तो डोळ्याला लावला आणि म्हणाला, "साखर नाही, आंबट आहे." भाव तिथल्या तिथे पडला.

आता गंमत अशी, की ज्या थंडीने आम्हाला रडविले तिच्याच जिवावर एक पीक उभे आहे. ते म्हणजे फेसाळ वाईनची द्राक्षे. (गुरुजनांचा गैरसमज होऊ नये म्हणून सांगते, ही वाईन मी चाखलेली नाही. आमची आजी माळकरी आहे. घरात तो शब्दही हळू आवाजात उच्चारावा लागतो.)

या वाईनचे मूळ घर फ्रान्सच्या ईशान्येकडील शॅम्पेन प्रांत. त्या प्रांतात झालेल्या वाईनलाच शॅम्पेन म्हणता येते. इतरांनी ते नाव लावायचे नाही. हा प्रांत सुमारे ४९ उत्तर अक्षांशावर, म्हणजे द्राक्षवेल जेथे कशीबशी तग धरते अशा सरहद्दीवर आहे. वर्षाचे सरासरी तापमान अवघे ११ अंशांच्या आसपास. तेथेही एप्रिलच्या हिमतुषारात कोंब जळू नयेत म्हणून शेतकरी रात्री बागेत जाळ करतात, हे वाचल्यावर मला ते लोक एकदम शेजारगावचेच वाटू लागले!

मण्यात पाणी उतरले की त्यात साखर भरू लागते आणि आंबटपणा घटू लागतो. पण या दोन्ही गोष्टी एकाच वेगाने चालत नाहीत. साखर पानांत उन्हाच्या साहाय्याने तयार होते. आंबटपणा मुख्यत्वे दोन आम्लांचा : टार्टरिक आणि मॅलिक. पैकी टार्टरिक बरेच टिकाऊ असते. मॅलिक मात्र मणी आपल्या श्वसनात खर्च करून टाकतो, आणि हवा जितकी उष्ण तितका हा खर्च जास्त. म्हणूनच रात्र थंड हवी. दिवसा उन्हात कमाई व्हावी आणि रात्री उधळपट्टी होऊ नये, असा हा प्रपंच आहे.

पण आंबटपणाचे एवढे कौतुक कशाला? कारण ही वाईन दोनदा आंबते. पहिल्यांदा टाकीत साधी, पातळ, आंबट वाईन होते. मग ती बाटलीत भरून लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम साखर व थोडे यीस्ट घालून बूच बंद करतात. यीस्ट साखर खाते, त्यातून निघालेला कर्बवायू बाहेर पडू शकत नाही, तो वाईनमध्येच विरघळतो. हा दाब सुमारे ६ वातावरणांइतका, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या जवळजवळ तिप्पट असतो. या दुसऱ्या खेपेत मद्यार्क आणखी एक-सव्वा टक्क्याने वाढतो. मुळातच द्राक्ष फार गोड असेल तर पहिली वाईन इतकी कडक होते, की दुसऱ्यांदा यीस्टला काम करणे जड जाते. शिवाय ही बाटली महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे मेलेल्या यीस्टच्या गाळावर आडवी पडून असते. एवढा काळ वाईन ताजी राहते ती आम्लाच्या आधारावर. तेव्हा साखर बेताची आणि आंबटपणा भरपूर, असे द्राक्ष हवे. आमच्या व्यापाऱ्याने नाकारले तसे.

मग आपल्या २० अक्षांशावर हे साधते कसे? खरे म्हणजे आपले हवामान थंड नाहीच. शॅम्पेनमध्ये हिवाळ्यात वेल झोपते; आपल्याकडे ती कधीच झोपत नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटावी लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, आणि पावसाळा सरत आला की गोडी छाटणी. त्यामुळे फळ पिकण्याचा काळ बरोबर हिवाळ्यात येतो. त्यांना जी थंडी अक्षांशाने मिळाली, ती आपण कात्रीच्या तारखेने मिळवितो. पण ही उसनवारी थोड्याच आठवड्यांची. जानेवारीतही दुपारी ऊन तापतेच. म्हणून फेसाळ वाईनची द्राक्षे सर्वांत आधी, साखर १८ ब्रिक्सच्या आसपास असतानाच, पहाटेच्या गारव्यात तोडतात. आपल्याकडे यासाठी शेनिन ब्लां ही जात मुख्यत्वे वापरतात, कारण ती उन्हातही आंबटपणा सहजी सोडत नाही.

हा प्रयोग महाराष्ट्रात प्रथम नारायणगावला झाला. श्यामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने तेथे फेसाळ वाईन काढली. ती परदेशात 'ओमर खय्याम' नावाने विकली गेली. पुढे २००१ साली राज्य शासनाचे द्राक्ष प्रक्रिया धोरण आले, आपल्या शेजारी विंचूरला वाईन पार्क झाला, आणि २०१३ मध्ये फ्रान्सच्या शांदाँने आपल्या जिल्ह्यात केलेली फेसाळ वाईन बाजारात आणली.

मात्र उसन्या थंडीचा भरवसा किती? खुद्द शॅम्पेनमध्ये पूर्वी सप्टेंबरात होणारी तोडणी २००३, २०२० आणि २०२२ साली ऑगस्टमध्येच सुरू झाली. तेथील तॅतँजे या घराण्याने २०१५ साली इंग्लंडात केंट परगण्यात जमीन घेतली. ते उत्तरेकडे सरकू शकतात. आपण कोठे सरकणार? आपल्याजवळ तेवढ्याच चार-सहा आठवड्यांच्या रात्री आहेत.

हे सर्व मी घरी उत्साहाने सांगितले, तेव्हा अण्णांनी एकच विचारले, "मंग आपला आंबट माल त्यांना का चालत नाही गं?" मला सांगावे लागले, की थॉमसनचा मणी आपण औषधात बुडवून फुगविलेला, पाणीदार, वाईनचा मणी बारीक आणि त्याला स्वतःचा स्वाद असतो. त्यासाठी बागच निराळी लावावी लागते, आणि कारखान्याशी आधी करार करावा लागतो. करार म्हणताच अण्णा गप्प झाले. २००८च्या मंदीनंतर कारखान्यांनी माल उचलला नाही म्हणून आपल्या जिल्ह्यात अनेकांनी वाईनच्या बागा तोडल्या, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. बाजारात न गेलेला थॉमसन निदान बेदाण्याला तरी जातो. वाईनचे द्राक्ष कोण खाणार?

सध्या मामा अर्धा एकर शेनिन लावण्याच्या विचारात आहेत आणि अण्णांनाही आग्रह करीत आहेत. आजीने आपले मत माळेला हात लावून सांगितले आहे. अण्णांनी अजून काहीच ठरविलेले नाही. फक्त परवा त्यांनी माझ्याकडून कुंदेवाडीच्या मागल्या दहा वर्षांच्या जानेवारीचे आकडे मागितले. ते मी सध्या वहीत उतरवीत आहे.