विजेच्या बिलात न दिसणारी रक्कम

कल्याण पूर्वेतील एका गृहनिर्माण सोसायटीच्या सभेला आम्ही नुकतेच हजर होतो. विषय होता गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याचा. सभासद ४०, आणि पाण्याचा पंप, लिफ्ट, जिन्यातील दिवे यांचे बिल दर महिन्याला वाढते. सेक्रेटरींनी खर्चाचा कागद वाचून दाखवला, तेव्हा एका वयस्कर सभासदांनी विचारले, "वीज तर मिळतेच आहे. बटण दाबले की दिवा लागतो. मग हा खटाटोप कशासाठी?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर सभेत फक्त रुपयांत दिले गेले आणि ठराव पुढच्या सभेवर ढकलला गेला. आमच्या मते या प्रश्नाचे अर्धे उत्तर बिलात आहे आणि अर्धे बिलाच्या बाहेर. ही दोन्ही उत्तरे वाचकांपुढे ठेवण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

एका युनिटमागे किती कोळसा?

विजेचे बिल हातात घेऊन पाहा. त्यात स्थिर आकार आहे, वीज आकार आहे, वहन आकार आहे, इंधन समायोजन आकार आहे आणि वीज शुल्कही आहे. राखेचा आणि धुराचा आकार मात्र त्यात कोठेही नाही.

महाराष्ट्रातील विजेचा मोठा हिस्सा आजही कोळशापासून तयार होतो. आपल्याकडील औष्णिक केंद्रात एक युनिट वीज तयार करायला सुमारे ७०० ग्रॅम कोळसा जळतो. देशी कोळशात राखेचे प्रमाण फार असते, साधारण एक तृतीयांश किंवा त्याहूनही जास्त. म्हणजे प्रत्येक युनिटमागे पाव किलोच्या आसपास राख उरते आणि सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या घराची सगळी वीज कोळशाची धरली, तर त्या घरासाठी दरमहा १४० किलो कोळसा जळतो आणि ४५ किलोच्या वर राख पडते. ही राख त्या कुटुंबाच्या दारात आणून टाकली, तर वीज किती जपून वापरावी हे कोणाला सांगावे लागणार नाही. पण ती दुसऱ्याच्या दारात पडते. याखेरीज गंधकाचा धूर, फुप्फुसात खोलवर जाणारी बारीक धूळ आणि केंद्राला लागणारे नदीचे पाणी हा खर्च वेगळाच.

धूर एकेकाळी आपल्याच दारात होता

आपल्या भागात सुरुवातीला आलेली वीज कोळशाची नव्हती, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या लक्षात नाही. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले, कर्जतजवळचे भिवपुरी १९२२ साली आणि भिरा १९२७ साली. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारे पाऊसपाणी अडवून मुंबईच्या गिरण्या त्यावर चालत. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबई ते कुर्ला ही देशातील पहिली विजेवरची गाडी धावली.

पुढे विजेची रेल्वे घाटांपर्यंत नेण्यासाठी जीआयपी रेल्वेने १९२९ साली ठाकुर्ली येथे स्वतःचे कोळशावरचे वीज केंद्र उभारले. जुने डोंबिवलीकर आजही त्याला चोळे पॉवर हाऊस म्हणतात. कोळसा रेल्वेने येई आणि पाणी शेजारच्या उल्हास नदीचे. या केंद्राने रेल्वेची अनेक वर्षे सेवा केली आणि कित्येक कुटुंबांना रोजीरोटी दिली, हे मान्यच केले पाहिजे. परंतु धुरांडी वस्तीच्या कुशीत होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हे केंद्र बंद झाले. ठाकुर्लीकरांनी सुटकेचा श्वास घेतला असेल, पण विजेची गरज काही बंद झाली नाही. धूर संपला नाही, तो फक्त लांब गेला.

डहाणूचा धडा

पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा होईपर्यंत डहाणू ठाणे जिल्ह्यातच होते. चिकूच्या वाड्या, मासेमारी आणि वारली पाड्यांचा हा तालुका केंद्र सरकारने जून १९९१ मध्ये पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला. तरीही तेथेच ५०० मेगावॉटचे कोळशाचे केंद्र उभे राहिले आणि १९९५ च्या सुमारास चालू झाले. त्याची वीज मुख्यतः मुंबईच्या उपनगरांना जाते.

स्थानिक रहिवासी आणि पर्यावरण कार्यकर्ते न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ साली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी त्याचे अध्यक्षपद दीर्घकाळ सांभाळले. धुरातील गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसवा, असा आदेश या प्राधिकरणाने १९९९ साली दिला. ती यंत्रणा प्रत्यक्ष सुरू व्हायला २००७ साल उजाडले. समुद्राच्या पाण्याने धूर धुणारी ही यंत्रणा त्या काळी देशातील मोजक्याच केंद्रांत होती.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, धुराची किंमत कंपनीच्या खात्यावर लिहिता येते. दुसरी, त्यासाठी लोकांना वर्षानुवर्षे झगडावे लागते. बाकीच्या केंद्रांचे काय झाले तेही पाहा. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये गंधकाच्या धुराची मर्यादा देशभर लागू केली आणि दोन वर्षांची मुदत दिली. ही मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली. शेवटी जुलै २०२५ मध्ये देशातील बहुसंख्य केंद्रांना ही यंत्रणा बसवण्यातून सूटच देण्यात आली.

चंद्रपूर ते पडघा

आता आपल्याकडे वीज येते कोठून? अनेक केंद्रांची वीज एकाच जाळ्यात मिसळते, त्यामुळे अमुक दिवा अमुक केंद्रावर लागतो असे म्हणता येत नाही. पण एक वाट ठळक दिसते. चंद्रपूरपासून भिवंडी तालुक्यातील पडघ्यापर्यंत ५०० किलोव्होल्ट दाबाची, सुमारे ७५० किलोमीटर लांबीची एकदिश प्रवाहाची वाहिनी १९९९ पासून चालू आहे. तिची क्षमता १५०० मेगावॉट आहे. कोळसा विदर्भात जळतो, राख विदर्भात पडते आणि स्वच्छ वीज सह्याद्री ओलांडून कल्याणच्या उंबरठ्याशी येते.

चंद्रपूरच्या वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील ४३ अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी काढली, तेव्हा चंद्रपूर तीत अगदी वरच्या क्रमांकांत होते. योगायोग असा की, त्याच यादीत डोंबिवलीचेही नाव होते. डोंबिवलीचे कारण रासायनिक कारखान्यांचे, चंद्रपूरचे कारण कोळसा खाणी, वीज केंद्र आणि इतर उद्योगांचे. खराब हवेत श्वास घेणे म्हणजे काय हे डोंबिवलीकरांना कोणी शिकवायला नको. म्हणूनच चंद्रपूरकरांचे दुःख आपल्याला लवकर कळायला हवे.

गच्चीचा हिशोब

व्यापारी माणूस शेवटी विचारतो, परवडते का? तर आकडे मांडू. आपल्या भागात एक किलोवॉटचे सौर पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट वीज देते आणि त्याला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. पावसाळ्यात उत्पादन घटते, मार्च ते मे मध्ये वाढते. नेट मीटर बसवला की दिवसाची जादा वीज जाळ्यात जाते आणि तेवढे युनिट आपल्या बिलातून वजा होतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॉटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तीन किलोवॉट किंवा जास्त क्षमतेसाठी एकूण ७८,००० रुपये अनुदान ठरले आहे. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी दर किलोवॉटला १८,००० रुपये आहेत.

समजा एका सोसायटीने २० किलोवॉटची योजना केली. जागा लागेल २००० चौरस फूट, अनुदान मिळेल ३ लाख ६० हजार रुपये आणि वीज तयार होईल महिन्याला सुमारे २४०० युनिट. आपल्या बिलावरचा दर घ्या आणि त्याला २४०० ने गुणा. दर १० रुपये पडत असेल तर महिन्याला २४,००० रुपये वाचले. एकूण खर्च १२ लाख धरला आणि अनुदान वजा केले, तर उरलेली रक्कम तीन वर्षांच्या आत वसूल होते. खर्च थोडा जास्त आला किंवा दर कमी असला तर चार-पाच वर्षे लागतील. पॅनेलचे आयुष्य मात्र २५ वर्षांचे समजले जाते. आणि बिलाबाहेरचा हिशोब असा की, दरमहा सुमारे १७०० किलो कोळसा जळायचा वाचतो.

यंत्रमागवाल्यांची अडचण

भिवंडीच्या एका कारखानदारांपुढे आम्ही हेच गणित ठेवले. ते हसून म्हणाले, "साहेब, माझे माग रात्रीही चालतात. सूर्य रात्रपाळी करतो का?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. एका मागाची मोटर साधारण एक अश्वशक्तीची असते. २४ मागांचा कारखाना दोन्ही पाळ्यांत पूर्ण भाराने चालला, तर दिवसाला ४३० युनिटच्या आसपास वीज लागते. छपरावर २० किलोवॉट बसवले तरी त्यातले जेमतेम ८० युनिट भागतात, म्हणजे पाचवा हिस्साही नाही. शिवाय यंत्रमागांना शासनाची वीजदर सवलत असल्याने बचत घरगुती ग्राहकाइतकी दिसत नाही. जुनी पत्र्याची छपरे वजन पेलतील का, हाही प्रश्न आहे.

तरीही २००५ नंतरचे भारनियमनाचे दिवस या व्यवसायाने पाहिले आहेत. दिवसाचे कित्येक तास माग बंद पडत आणि डिझेलच्या जनरेटरवर नफा जळून जाई. विजेसाठी एकाच इंधनावर विसंबण्याचा धोका भिवंडीइतका कोणी सोसला नसेल. रात्रीच्या प्रश्नाचे उत्तर एका छपरावर सापडणार नाही, ते जाळ्यात शोधावे लागेल. साताऱ्याच्या पठारावर आणि धुळ्याकडे पवनचक्क्या आहेतच. ठाणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेवर घाटघर येथे २५० मेगावॉटची योजना २००८ पासून आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हा तेथे पाणी घाटमाथ्यावर चढवतात, आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली शहापूर तालुक्याच्या बाजूला सोडून वीज करतात. दुपारची सौर वीज रात्रीसाठी साठवायची तर अशाच योजना वाढवाव्या लागतील.

ज्यांच्याकडे गच्ची नाही त्यांनी काय करावे?

मुंब्रा, दिवा, कल्याण पूर्व अशा भागांत अनेक इमारतींची सोसायटीच नोंदलेली नाही. गच्ची बिल्डरची की रहिवाशांची, हा वाद मिटलेला नाही. भाडेकरूंचा तर प्रश्नच वेगळा. अशा घरांना योजनेचा लाभ मिळणे कठीण आहे, आणि शासनाने याचा विचार करायलाच हवा. कल्याण-डोंबिवली महापालिकेने नव्या इमारतींना सौर बंबाची अट घातली, पण जुन्या आणि अनधिकृत इमारतींत राहणारी माणसेही विजेचे बिल भरतातच.

या कुटुंबांसाठी सर्वांत जवळचा पर्याय छताला टांगलेला आहे. जुना पंखा ७५ वॉट घेतो, नवा बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास. घरात चार पंखे रोज १२ तास फिरत असतील, तर महिन्याला सुमारे ६५ युनिट वाचतात. म्हणजे ४५ किलो कोळसा. नव्या पंख्याची किंमत जास्त आहे, पण जास्तीचे पैसे बिलातून थोड्याच काळात परत येतात.

सौर पॅनेल म्हणजे निर्दोष वस्तू, असाही आमचा दावा नाही. ती बनवायलाही ऊर्जा लागते आणि २५ वर्षांनी त्यांचा कचरा होणार आहे. २०२२ च्या ई-कचरा नियमांत त्यांचा समावेश केला गेला तो याचसाठी. पण हा कचरा मोजता येतो आणि गोळाही करता येतो. हवेत गेलेला धूर परत गोळा करता येत नाही.

आमच्या तरुणांसाठी यात धंदाही आहे. वायरमन, फॅब्रिकेटर आणि वेल्डर यांची आपल्या वस्त्यांत वाण नाही. पॅनेलचे सांगाडे बनवणे, ती बसवणे, धुणे आणि त्यांची दुरुस्ती करणे ही कामे ठाण्यापासून कल्याणपर्यंत वाढत जाणार आहेत. आयटीआयमध्ये योग्य प्रशिक्षण घेऊन आणि महावितरणच्या किंवा मुंब्रा-कळव्यात टोरंटच्या नियमांची माहिती करून घेऊन जो आज या कामात उतरेल, त्याला उद्या ग्राहक शोधावे लागणार नाहीत.

कल्याणच्या त्या सोसायटीची सभा येत्या महिन्यात पुन्हा भरणार आहे. त्या वयस्कर सभासदांना आम्ही एवढेच सांगू इच्छितो की, बटण दाबल्यावर दिवा लागतो हे खरे, पण त्याच वेळी चंद्रपूरला मूठभर राख पडते. तिची किंमत आज तिथले लोक भरत आहेत. आपल्या गच्चीवर ऊन फुकट पडून आहे. ठराव मंजूर करायला यापेक्षा वेगळे कारण लागत असेल, तर सेक्रेटरींचा कागद पुन्हा एकदा वाचावा. रुपयांचा हिशोबही त्यात आहेच.