वाढत्या पटाचा भार कुणावर?

विद्यापीठाचे विद्यार्थी वाढले म्हटलं की डोळ्यांसमोर गजबजलेलं आवार येतं. मुंबई विद्यापीठाच्या बाबतीत हे चित्र फसवं आहे. त्याचे बहुतेक विद्यार्थी कलिन्याच्या आवारात फारसे फिरकतच नाहीत. ते डोंबिवली, पालघर, रत्नागिरी, सावंतवाडीच्या संलग्न महाविद्यालयांत शिकतात आणि विद्यापीठाशी त्यांची गाठ पडते ती हॉल तिकीट नि गुणपत्रिकेपुरती. 1857 साली हे विद्यापीठ लंडनच्या धर्तीवर परीक्षा घेऊन पदव्या देण्यासाठीच निघालं. शिकवणं हे कॉलेजांचं काम. त्यामुळे पट फुगला की आधी वाकतो तो परीक्षा विभाग. 2017 मध्ये सुमारे 17 लाख उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा घाट पुरेशा तयारीविना घातला गेला. राज्यपालांनी दिलेली 31 जुलैची मुदत उलटली, पुढचे प्रवेश अडकले आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून हटवण्यात आलं. खापर सॉफ्टवेअरवर फुटलं खरं, पण एवढे गठ्ठे एकाच दारात येऊन पडतात, ही मूळ अडचण त्याआधीचीच होती.

मग प्रवेशच आवरा, असं म्हणणारे असतात. पण आवरायचं कुणाला? 2021-22 च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात महाराष्ट्राचं सकल नोंदणी प्रमाण 35.3 टक्के आहे, देशाच्या 28.4 टक्क्यांपेक्षा बरं, तरी 2035 साठी ठरवलेल्या 50 टक्क्यांपासून दूरच. 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क माफ झालं, ते प्रवेश वाढावेत याच हेतूनं. एका हातानं दार उघडायचं आणि दुसऱ्यानं कडी घालायची, हे धोरण नव्हे.

स्वायत्ततेचा उपाय अधिक वजनदार आहे. झेवियर्ससारखं कॉलेज 2010 पासून स्वतःच्या परीक्षा स्वतः घेतं, तेवढा विद्यापीठाचा भार हलका होतो. मात्र अर्धे विषय तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर चालवणाऱ्या कोकणातल्या एखाद्या छोट्या कॉलेजानं अभ्यासक्रम आखायचा कुणाच्या जिवावर? या प्राध्यापकांना जितके तास तितकेच पैसे. सुट्टीत तेही नाहीत. संलग्नता हळूहळू संपवू पाहणारं 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण इथेच अडेल. म्हणून दरवर्षी नोंदणीचा आकडा जाहीर करताना प्रत्येक महाविद्यालयातली मंजूर पदं किती नि कायमस्वरूपी भरलेली किती, हेही त्याच तक्त्यात छापायला हवं. पट वाढल्याचा अभिमान त्यानंतर बाळगावा.