बाटलींतील बळ

दिवसभर दुकानाची गादी सांभाळून रात्रीं खतावणी पुढें घेऊन बसणाऱ्या व्यापाऱ्यास थकवा येतो, झोंप लागत नाहीं, क्षुल्लक गोष्टीवरून डोकें तापतें. आणि सकाळीं वर्तमानपत्र उघडावें तों आपल्या दुखण्याचें हुबेहूब वर्णन व त्यावरील बाटलीची किंमत त्यास शेजारीं शेजारीं छापलेलीं आढळतात. असलीं वर्णनें आमच्या पत्रांतही छापलीं गेलीं आहेत, हें आरंभींच कबूल करतों.

या दुखण्यास न्यूयॉर्कच्या डॉ. जॉर्ज बिअर्ड यांनीं १८६९ सालीं ‘न्यूरॅस्थेनिया’ या नांवानें पुढें आणलें. १८८१ च्या ग्रंथांत त्याचीं कारणें सांगतांना त्यांनीं वाफेची शक्ति व तारायंत्र यांच्याबरोबर नियतकालिकांसही आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें केलें. ज्यांच्यावर रोग उत्पन्न केल्याचा आळ, त्यांनींच पुढें औषधाची दलाली करावी, हा योग मौजेचा खरा! त्या काळीं गाजलेलें ‘सॅनॅटोजेन’ घ्या. ज्ञानतंतूंस बळ देणारें म्हणून विकल्या जाणाऱ्या या जर्मन भुकटींत शेंकडा ९५ भाग दुधांतील केसीन व उरलेले ५ भाग ग्लिसरोफॉस्फेटचें लवण. दूध वाईट असें कोण म्हणेल? आक्षेप आहे तो गवळ्याच्या मालास वैद्याचा भाव लावण्यास.

थकवा खोटा असतो असें आमचें म्हणणें नाहीं. त्याच्या पाठीमागें पांडुरोग, मधुमेह, थायरॉइड ग्रंथीचा विकार, क्षय किंवा शाकाहारी कुटुंबांत विशेषेंकरून आढळणारी बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव असूं शकते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षें वयाच्या शेंकडा ५७ स्त्रियांस पांडुरोग असल्याचें आढळलें. घरांतील स्त्री थकली म्हणजे तिला बाटली आणून देणें सोपें. तिचें रक्त तपासून घेणें मात्र कोणास सुचत नाहीं. बाटलीच्या भरंवशावर दोन महिने गेले, तर क्षय कांहीं तितके दिवस दाराशीं थांबून राहत नाहीं.

आतां कायद्याकडे वळूं. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यानें ज्या विकारांवर औषधाची जाहिरात निषिद्ध ठरविली, त्यांच्या यादींत मज्जादौर्बल्य नांवानिशीं घातलेलें आहे. निषेध केवळ औषध विकणारास नाहीं. प्रसिद्धींत कोणताही भाग घेणारा त्यांत येतो, आणि छापणें हाही भाग घेणेंच, असें व्याख्येचें कलम सांगतें. हमदर्द दवाखान्याच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९५९ च्या डिसेंबरांत कायद्याचा कांहीं भाग रद्द केला. परंतु असल्या जाहिरातींस भाषणस्वातंत्र्याचें कवच देण्याचें साफ नाकारलें. वृत्तपत्रस्वातंत्र्याचा कैवार घेणाऱ्या आम्हां मंडळींस हें टोंचतें, तरी तें न्याय्यच होय. चतुर जाहिरातदार मात्र आतां रोगाचें नांव घेत नाहीं. ‘मरगळ’ जाईल, ‘तरतरी’ येईल, एवढेंच तो म्हणतो, आणि कायद्याच्या अक्षरांतून निसटतो.

असल्या निसटत्या जाहिरातीही येत्या पहिल्या तारखेपासून आमच्या पत्रांत घेतल्या जाणार नाहींत. उत्पन्न घटेल, असें आमचे व्यवस्थापक म्हणतात. त्यांचा हिशेब बरोबर आहे. ज्या जाहिरातदारांचे पैसे आगाऊ जमा आहेत, त्यांनीं ते कचेरींत येऊन परत न्यावे.