मोठ्या जातीच्या कुत्रीचे निर्बीजीकरण : योग्य वयाचा विचार

प्रस्तावना : ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील सदनिकांमध्ये लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर यांसारख्या मोठ्या जातींच्या कुत्र्या पाळल्या जातात. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ अन्वये पाळीव प्राण्याच्या निर्बीजीकरणाची जबाबदारी मालकाची आहे. ते कोणत्या वयात करावे, हा प्रश्न मात्र उरतो.

विवेचन : अंडाशयातील इस्ट्रोजेनमुळे हाडांच्या टोकांकडील वाढीच्या पट्ट्या मिटतात. शस्त्रक्रिया फार लवकर झाल्यास त्या उशिरा मिटतात, हाडे अधिक लांबतात व सांध्यांवरील भार बदलतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३ मध्ये ७५९ गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एक वर्षाच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या माद्यांपैकी ८ टक्के माद्यांच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटलेला आढळला. शस्त्रक्रिया न झालेल्यांत असे एकही उदाहरण नव्हते. याउलट, विलंबाबरोबर स्तनांतील गाठींचा व गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो. शिवाय भटक्या कुत्र्यांचा वावर असलेल्या वस्तीत माजावर आलेली मादी सांभाळणे कठीण असते.

निष्कर्ष : सहा महिन्यांचा रूढ दंडक मोठ्या जातींना सरसकट लावू नये. माजाच्या काळात काटेकोर देखरेख शक्य असल्यास, जात व प्रकृती पाहून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वर्ष पूर्ण होईपर्यंत थांबावे; अन्यथा पहिल्या माजापूर्वीची शस्त्रक्रियाच अधिक हितकारक ठरते.