पाव सेकंदाचा खटला

तुमची पापणी एकदा मिटून उघडते, तेवढ्यात साधारण पाव सेकंद निघून जातो. एवढ्याच लांबीच्या एका आवाजावरून अमेरिकेत २०१२ साली खटला उभा राहिला आणि अपिलाचा निकाल लागायला २०१६ साल उजाडले. वादात होते मॅडोना या प्रसिद्ध गायिकेचे ‘व्होग’ हे १९९० सालचे नाचाचे गाणे. फिर्यादी कंपनीचे म्हणणे असे : या गाण्यात ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांचा एक झटकेदार सूर मधूनच उमटतो. तो आमच्या ‘लव्ह ब्रेक’ या गाण्यातून, आम्हांला न विचारता उचललेला आहे. उचललेल्या तुकड्याची लांबी ०.२३ सेकंद!

गंमत अशी की, ‘लव्ह ब्रेक’ हे १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतले गाणे आणि ‘व्होग’, ही दोन्ही ध्वनिमुद्रित करण्यात शेप पेटिबोन या एकाच माणसाचा हात होता. पण जुन्या मुद्रणाचा हक्क आपला आहे, असा कंपनीचा दावा होता.

अशा उचलण्याला ‘सॅम्पलिंग’ म्हणतात. हा शब्द आम्हा भौतिकीवाल्यांचाही आहे, आणि त्याचे दोन्ही अर्थ समजल्याशिवाय हा खटला नीट कळायचा नाही. धान्याचा व्यापारी पोत्यात नळी खुपसून मूठभर दाणे काढतो, तो नमुना. ध्वनीचेही तसेच. ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. मायक्रोफोन त्यांचे विजेच्या चढउतारांत रूपांतर करतो. ठरावीक क्षणांनी हा चढउतार मोजून आकडा लिहून ठेवला की झाला एक नमुना. असे आकडे किती वेळा लिहायचे? माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंत ऐकू येते. नियम असा आहे की, सर्वांत मोठ्या कंप्रतेच्या दुपटीहून अधिक वेळा नोंद केली, तर त्या आकड्यांवरून मूळ ध्वनी पुन्हा उभा करता येतो. म्हणून सीडीच्या तबकडीवर सेकंदाला ४४,१०० नोंदी असतात.

आता ४४,१०० ला ०.२३ ने गुणा. उत्तर येते १०,१४३. म्हणजे अभियंत्याच्या हिशेबाने या ‘एका’ नमुन्यात दहा हजारांवर नमुने झाले! सेकंदाला ३०० कंपनांचा स्वर घेतला, तर एवढ्या वेळात त्याची ६९ कंपने होतात. पाव सेकंद म्हणजे काहीच नाही, असे म्हणायची सोय राहिली नाही.

पण हे आकडे आहेत तसे वापरले गेले, असे मात्र नाही. ‘लव्ह ब्रेक’मधला सूर ज्या पट्टीत आहे, त्याहून ‘व्होग’मधला अर्ध्या स्वराने वर आहे. पेटीवर एका पट्टीवरून लगतच्या पट्टीवर जावे, तेवढा. अर्धा स्वर चढला की कंप्रता सुमारे १.०६ पट होते. जुन्या यंत्रांत हे साधायचा सोपा मार्ग म्हणजे तेच आकडे १.०६ पट भरभर वाचणे. मग स्वर चढतो, पण लांबीही घटते. ०.२३ चे सुमारे ०.२२ होते. १९८७ साली निघालेल्या एसपी-१२०० या यंत्रात अवघे दहाएक सेकंदांचे ध्वनी मावत. म्हणून संगीतकार ३३ फेऱ्यांची तबकडी मुद्दाम ४५ फेऱ्यांवर फिरवून भरून घेत आणि नंतर यंत्रात पुन्हा सावकाश वाजवत. गरज पडली की गणित आपोआप येते, ते असे!

‘व्होग’मध्ये त्या सुराची सुरुवातही थोडी छाटलेली होती आणि त्यावर दुसरे आवाज चढवलेले होते. यातली सुरुवातीची छाटणी मला फार महत्त्वाची वाटते. वाद्य कोणते आहे हे ओळखताना आपला कान ध्वनीच्या पहिल्या काही शतांश सेकंदांवर बराच विसंबून असतो. फुंकर लागते, तार छेडली जाते, तो क्षण. मुद्रणातून तेवढा भाग काढून टाकला, तर चांगले जाणकारही वाद्य ओळखताना चुकतात.

आता हे सारे न्यायालयात कसे तोलायचे? पट्टी बदलली की एकही आकडा मूळच्या आकड्याशी जुळेल असे नाही, तरी नक्कल ती नक्कलच. उलट, आकडे ढीगभर असले तरी कानाला पत्ता लागेलच असेही नाही. २००५ साली सिनसिनाटीच्या अपील न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात कडक भूमिका घेतली होती. तिथे गिटारचा दोन सेकंदांचा तुकडा स्वर उतरवून आणि पुन्हा पुन्हा जोडून वापरला होता. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे की, परवानगी घ्या, नाहीतर मुद्रणाला हात लावू नका, मग तुकडा केवढाही असो.

‘व्होग’चे अपील ऐकणाऱ्या पश्चिमेकडील न्यायालयाने हे मानले नाही. तुकडा उचलला हे खरे धरले, तरी सामान्य श्रोत्याला तो ओळखू येणार नाही, म्हणून दावा टिकत नाही, असे तिघांपैकी दोन न्यायाधीशांनी ठरवले. तिसऱ्यांचे मत विरुद्ध पडले. कंपनीने म्हटले होते की, हा तुकडा मुद्दाम दडवलेला असल्यामुळे २०११ सालच्या तंत्रानेच तो सापडू शकला. मला वाटते, हे म्हणणे तिच्यावरच उलटणारे होते. जे शोधायला यंत्र लागते, ते नाचणाऱ्याला कसे ऐकू येणार? आणि तिच्याच तज्ज्ञाने आधी सांगितले की, ‘व्होग’मधला एकेरी सूर आणि जोडसूर हे दोन्ही जुन्या गाण्यातून घेतले आहेत. मग सुटे ध्वनी तपासायला मिळाल्यावर त्याला कळले की, जोडसूर एकेरीवरूनच बनवलेला होता. तज्ज्ञाचा कानही फसला होता तर!

तरीही माझे मन पुरते निवांत नाही. त्या पाव सेकंदासाठी कोणी तरी छातीत दम भरून फुंकर मारली होती, आणि तसा नेमका सूर लागायला वर्षानुवर्षे रियाज लागतो. माझ्या वर्गात याच्यावर मत घेतले तेव्हा तबला शिकणारी मुले एकजात फिर्यादीच्या बाजूची निघाली. २०१९ साली युरोपीय संघाच्या न्यायालयाने क्राफ्टवेर्क या जर्मन वाद्यवृंदाच्या १९७७ सालच्या मुद्रणातील दोन सेकंदांबाबत जो निर्णय दिला, तो त्यांना आवडेल. छोट्या तुकड्यालाही परवानगी हवी, मात्र तो कानाला ओळखू येणार नाही इतका बदललेला असेल तर नको.

घरी एक प्रयोग करा. मोबाइलवर भावाचा, आजीचा, शेजारच्या काकांचा ‘आ’ मुद्रित करा. संगणकावर प्रत्येकाचा पाव सेकंदाचा तुकडा कापा. आधी तसाच ऐकवा, मग सुरुवात छाटून, मग अर्धा स्वर चढवून. कोण कुठपर्यंत ओळखू येते त्याचा तक्ता करा. आजीला मात्र आधी विचारा.