संशय फ्लूवर, सापडला करोना

२००३च्या फेब्रुवारीत हाँगकाँगच्या विषाणूतज्ज्ञांना ज्याची धास्ती होती नेमकं तेच सापडलं, आणि तिथेच तपासाची दिशा चुकायची वेळ आली. शेजारच्या ग्वांगडोंग प्रांतात विचित्र न्यूमोनियाची साथ होती. त्याच सुमारास फूजियानहून परतलेल्या एका कुटुंबातल्या दोघांच्या नमुन्यांत एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचा विषाणू मिळाला. मग न्यूमोनियाही त्याचाच असणार, असं वाटणं साहजिक होतं.

हाँगकाँग विद्यापीठातल्या मलिक पीरिस यांनाही तसंच वाटलं असल्यास नवल नाही. मूळचे श्रीलंकेतल्या कँडीचे पीरिस ऑक्सफर्डहून डॉक्टरेट घेऊन मायदेशी परतले, पेरादेनियात जपानी मेंदूज्वरावर काम केलं आणि १९९५मध्ये हाँगकाँगला आले. दोनच वर्षांनी तिथे एच५एन१ माणसात शिरला. १८ जणांना लागण झाली, सहा दगावले. अखेर शहरातल्या दहा लाखांहून अधिक कोंबड्या मारून साथ थोपवली गेली.

पण २००३च्या न्यूमोनियाच्या रुग्णांत फ्लू काही सापडेना. चाचणी पुन्हा केली तरी उत्तर तेच. मग पीरिस यांच्या गटाने रुग्णांचे नमुने माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवले. पेशींमध्ये बारीकसे बदल दिसले. काहीतरी वाढत होतं. पण हेच रोगाचं कारण की वाटेत भेटलेला उपरा जंतू?

उत्तर रुग्णांच्या रक्तातून काढलं गेलं. आजाराच्या सुरुवातीचं आणि काही दिवसांनंतरचं रक्त त्या संसर्गित पेशींवर टाकून पाहिलं. नंतरच्या रक्तात त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं वाढलेली होती. निरोगी रक्तदात्यांमध्ये ती नव्हती. विषाणूचं नावगाव कळण्याआधीच त्याच्यावर गुन्हा जवळपास शाबीत झाला. जनुकीय तुकडा तपासल्यावर कूळ कळलं: करोना. तोवर माणसातले करोनाविषाणू सर्दीपुरतेच ओळखीचे होते. त्यांच्याकडे फारसं कोणी वळून पाहत नव्हतं. मला या सगळ्या प्रकरणात रक्ताच्या चाचणीची ती पायरीच सर्वांत देखणी वाटते.

पुढचं कामही तितकंच मोलाचं. रुग्णांच्या घशा-नाकातलं विषाणूचं प्रमाण या गटाने दिवसागणिक मोजलं. ते आजाराच्या साधारण दहाव्या दिवशी शिगेला पोहोचत होतं. म्हणजे रुग्ण सर्वाधिक संसर्गजन्य व्हायचा तोवर तो बहुधा रुग्णालयात असायचा. जगभर ८,०९८ रुग्ण आणि ७७४ मृत्यूंवर हा न्यूमोनिया, म्हणजेच सार्स, थांबला, त्यामागे हे मोठं कारण होतं. २०२०च्या करोनाने ही सवलत दिली नाही. लक्षणं दिसण्याआधीच तो पसरत होता.

विषाणू सापडला की बातमी संपते. पीरिस आणि त्यांचे सहकारी मात्र बाजारात जात राहिले. त्यांच्यातल्या ग्वान यी यांनी शेन्झेनच्या बाजारातल्या उदमांजरांमध्ये सार्ससारखा विषाणू शोधला. हाँगकाँगच्या जिवंत कोंबड्यांच्या बाजारांतून वर्षानुवर्षं नमुने घेतले गेले. महिन्यातून ठरलेल्या दिवशी सगळी दुकानं रिकामी करून धुतली, तर विषाणू घटतात, हे त्यातून आकड्यांनिशी दिसलं. रात्री कोंबड्या बाजारात मुक्कामी ठेवायच्या नाहीत, असाही नियम पुढे आला. हे काम कुठल्याही मथळ्यात मावत नाही, पण ते गरजेचं, कारण मुक्कामी पक्ष्यांतच विषाणूचं चक्र फिरत राहतं.

हा प्रश्न हाँगकाँगपुरता नव्हताच. त्याच एच५एन१च्या वंशातला विषाणू फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या कुक्कुटपालन शेडमध्ये पोहोचला. भारतातला तो पहिला उद्रेक.

२०१२मध्ये सौदी अरेबियातून मर्स हा आणखी एक करोनाविषाणू पुढे आला. त्यानंतर पीरिस यांच्या गटाने इजिप्तमध्ये उंटांचं रक्त तपासलं, आणि त्यातले बहुतेक उंट त्या विषाणूला आधीच भेटून गेलेले निघाले.