थंडीत डिझेल मोटारीचे इंजिन जड का फिरते?

समुद्रपूर तालुक्यात मार्गशीर्ष-पौषातील पहाटेचा गारठा बोचरा असतो. याच दिवसांत कापूस हिंगणघाटच्या बाजारात न्यावयाचा असतो, हरभऱ्याला पाणी द्यावयाचे असते आणि घरात कोणी आजारी पडल्यास अपरात्री सेवाग्रामचे रुग्णालय गाठावे लागते. अशा वेळी दारची डिझेल जीप चावी फिरविताच कण्हत फिरून थांबली, तर मोठाच प्रसंग ओढवतो. हा दोष बहुधा एका रात्रीत उत्पन्न होत नाही. उन्हाळ्यात तो झाकलेला असतो. थंडी त्याला उघडा पाडते.

वेग कशासाठी हवा?

पेट्रोल इंजिनात ठिणगीने इंधन पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या सिलिंडरातील हवा दाबून तिचे आकारमान सुमारे सोळाव्या ते बाविसाव्या हिश्शाइतके करतो आणि त्या तप्त हवेत डिझेलचा फवारा पडताच तो पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली जर्मनीत यशस्वी केलेल्या इंजिनाचे तत्त्व हेच होय. इंजिन सावकाश फिरल्यास दाबलेली हवा निसटते, तिची उष्णता थंड सिलिंडर शोषून घेते व डिझेल पेटत नाही.

थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते आणि त्याच वेळी इंजिनातील तेल घट्ट होते. म्हणजे काम वाढते व बळ घटते.

प्रथम दोष ओळखावा

इंजिन जलद फिरूनही सुरू होत नसेल, तर ग्लो प्लग, डिझेलचा फिल्टर किंवा नळीत शिरलेली हवा यांकडे पाहावे. इंजिन मुळात मंदच फिरत असेल, तर नवे ग्लो प्लग घालून उपयोग नाही. तेव्हा पुढील क्रमाने तपासणी करावी.

१. बॅटरी : मोटार रात्रभर उभी राहिल्यावर मीटर लावावा. १२ व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ म्हणजे ती निम्मी रिकामी होय. झाकणे उघडणारी असल्यास पाण्याची पातळी पाहावी व केवळ डिस्टिल्ड पाणी घालावे. विहिरीचे पाणी घालू नये.

२. जोडण्या : टोकांवर पांढरा वा हिरवट थर आला असल्यास प्रथम ऋण तार सोडावी, थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन टोके घासावीत व ऋण तार शेवटी जोडावी. इंजिन व सांगाडा यांना जोडणारी अर्थची तारही पाहावी. इंजिन फिरविल्यावर जी जोडणी गरम लागते, तेथेच वीज अडते.

३. आल्टरनेटर : इंजिन चालू असता बहुतेक मोटारींत बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळावेत. कमी मिळाल्यास पट्टा सैल आहे काय ते इंजिन बंद करून पाहावे.

४. तेल : ‘१५ डब्ल्यू-४०’ यातील पहिला आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत पातळ राहते. उत्पादकाच्या पुस्तिकेत सांगितलेलेच तेल वापरावे.

५. स्टार्टर : वरील सर्व ठीक असल्यास स्टार्टरचे ब्रश व बुश झिजले असण्याचा संभव असतो. तो कुशल कारागिराकडून उघडवावा.

सुरू करताना घ्यावयाची काळजी

दिवे बंद ठेवावेत, ग्लो प्लगचा दिवा मालवू द्यावा व क्लच दाबून चावी फिरवावी. एका वेळी दहा सेकंदांहून अधिक काळ स्टार्टर फिरवू नये. मध्ये एक मिनिट थांबावे.

तेलाच्या टाकीखाली जाळ करणे अत्यंत धोक्याचे आहे. ग्लो प्लग असलेल्या इंजिनात ईथर फवारू नये. स्फोट होऊ शकतो. बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघतो, म्हणून तिच्याजवळ विडी-काडी वर्ज्य समजावी. बंद गोठ्यात वा शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. त्याचा धूर विषारी असतो.

दिवाळी आटोपताच ही तपासणी केल्यास पौषात धावपळ होणार नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एका सकाळी वाहनधारकांना एकत्र बोलावून, एकच मीटर घेऊन सर्वांच्या बॅटऱ्या तपासून दाखवाव्यात. ट्रॅक्टरलाही बहुतांशी हेच नियम लागू पडतात.